कळी दिसेपर्यंत खताचा डबा बदलायचा नाही

पहिल्या वर्षी ज्या संध्याकाळी मी शेवंतीच्या कुंड्यांवर काळं कापड टाकलं, त्याच संध्याकाळी खतही बदललं. हिशोब सरळ वाटला होता. आता झाड फुलावर जाणार, मग फुलाचं खत द्यायचं. वाढीचं १९:१९:१९ कपाटात गेलं आणि ०:५२:३४ बाहेर आलं. (डब्यावरचे हे तीन आकडे म्हणजे क्रमाने नत्र, स्फुरद आणि पालाश, म्हणजेच नायट्रोजन, फॉस्फरस आणि पोटॅश, यांची टक्केवारी.) सोळाव्या दिवशी खालची पानं फिकी पडली, विसाव्या दिवशी पिवळी झाली आणि महिन्याच्या आत प्रत्येक फांदीचा खालचा वीतभर भाग उघडा पडला. फुलं आली, पण बटणाएवढी, आणि तीही उघड्या काड्यांच्या टोकावर.

कापड कशासाठी, ते आधी सांगते. शेवंती रात्र मोजणारं झाड आहे. सलग अंधार पुरेसा लांब मिळाला की शेंडा पानं काढायचं थांबवून कळी धरतो. पॉइन्सेटिया याच गटातलं, भांगेचं झाडही याच गटातलं. गार्नर आणि अॅलार्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९२० मध्ये ही गोष्ट पहिल्यांदा नीट मांडली. त्यांच्याकडे तंबाखूचा एक वाण होता, तो उन्हाळ्यात नुसता उंच वाढत जायचा आणि फुलायचा नाही. हिवाळ्यात काचघरात मात्र लहानपणीच फुलायचा. दिवस कृत्रिमपणे लहान केल्यावर तो उन्हाळ्यातही फुलला. मी करत होते ते हेच. संध्याकाळी सहाला कापड टाकायचं, सकाळी आठला काढायचं. चौदा तास अंधार.

यात एक सोय आहे आणि तोच धोकाही आहे. कापड टाकल्याची तारीख आपल्याला पक्की माहीत असते, म्हणून वाटतं की झाडानेही त्याच तारखेला ठरवलं. झाडाचं ठरणं हळूहळू होतं. पहिले काही दिवस तर बाहेरून काहीच दिसत नाही आणि नंतर जे दिसतं ते फुलाच्या उलटंच असतं. झाड उंच व्हायला लागतं. त्या वर्षी मी प्रत्येक कुंडीत एक बांबूची काडी रोवून दर रविवारी पेनाने खूण करत होते. कापड टाकलं त्या दिवशी मधल्या कुंडीतली सर्वात उंच फांदी २४ सेंटीमीटर होती. तीन आठवड्यांनी ४१. म्हणजे ज्या काळात झाड आयुष्यातली सर्वात वेगवान वाढ करत होतं, त्याच काळात मी त्याचं नत्र शून्यावर आणलं होतं. ०:५२:३४ मधला पहिला आकडा शून्य आहे, तो मी शंभर वेळा वाचला होता, पण त्याचा अर्थ त्या काडीवरच्या खुणा बघेपर्यंत कळला नाही.

नत्र झाडात फिरतं. मुळांकडून येईनासं झालं की झाड जुन्या पानांतलं नत्र काढून शेंड्याकडे पाठवतं, म्हणून पिवळेपणा खालून वर चढतो. तो खालून चढतोय का वरून उतरतोय, एवढं पाहिलं तरी अर्धं निदान होतं. माझ्याकडे दोन्ही चालू होतं. खालची पानं सरसकट पिवळी आणि वरची कोवळी पानं शिरा हिरव्या ठेवून मधे फिकी. दुसरं लक्षण लोहाच्या कमतरतेचं. लोह फिरत नाही, म्हणून त्याची कमतरता नव्या पानांवर दिसते. आणि लोह कमी का पडलं? कारण मी आठवड्यातून दोनदा स्फुरदाचा मारा करत होते. स्फुरद जास्त झालं की लोह आणि जस्त झाडाला मिळणं अवघड होतं.

इथे थांबून स्फुरदाबद्दल बोलायलाच हवं, कारण फुलासाठी स्फुरद हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलं होतं की त्यावर शंका घ्यावी असं कधी वाटलंच नाही. स्फुरद लागतं, त्याशिवाय मुळं धरत नाहीत, कळी धरत नाही. प्रश्न किती लागतं हा आहे. निरोगी शेवंतीच्या कोरड्या पानात नत्र साधारण ४ ते ६ टक्के असतं, पालाशही तेवढंच. स्फुरद पाव टक्क्यापासून फार तर एक टक्का. फूल आलं म्हणून हे प्रमाण उलटंपालटं होत नाही. शिवाय डब्यावरचा स्फुरदाचा आकडा ऑक्साइडचा असतो; त्याला ०.४४ ने गुणलं की खरं स्फुरद मिळतं. एक लिटरला एक ग्रॅम ०:५२:३४ टाकलं तर पाण्यात सुमारे २२७ पीपीएम, म्हणजे लिटरला तेवढे मिलिग्रॅम, स्फुरद जातं. १९:१९:१९ चा एक ग्रॅम ८३ पीपीएम देतो आणि कुंडीतल्या शेवंतीला तेवढंही गरजेपेक्षा जास्तच आहे. हे गणित मी कागदावर मांडलं तेव्हा मला खरंच वाईट वाटलं. झाडं उपाशीही होती आणि अजीर्णानेही त्रस्त होती.

दुसऱ्या वर्षी मी घाबरून दुसऱ्या टोकाला गेले. वाढीचं खत शेवटपर्यंत बदललंच नाही. झाडं बघायला सुरेख, पानं गडद हिरवी आणि तळहाताएवढी. कळ्या मात्र आठवडाभर उशिरा फुगल्या, पानं इतकी ठिसूळ की कुंडी सरकवताना हात लागला तरी मोडायची, आणि फुलं उमलताना दमट हवेचे चार दिवस काय आले, पाकळ्यांच्या आतल्या थरात राखाडी बुरशी बसली. फूल वरून छान दिसायचं, बोटाने पाकळ्या बाजूला केल्या की आत धुरकट लव. बारापैकी पाच कुंड्यांची फुलं मी कात्रीने कापून टाकली. मऊ, नत्राने फुगलेल्या पेशींत ही बुरशी लवकर शिरते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

ती कापलेली फुलं मी पिशवीत भरत असताना शेजारचे काका आले. आयुष्यभर शेवंती लावलेला माणूस. मी त्यांना दोन्ही वर्षांचं सांगितलं आणि विचारलं, काका, मग खत नक्की कोणत्या दिवशी बदलायचं? ते म्हणाले, "अगं, दिवस कसला विचारतेस? शेंडा बघ. शेंड्याने सांगितल्याशिवाय बदलू नकोस, आणि सांगितल्यावरही एकदम बदलू नकोस."

तिसऱ्या वर्षी मी ठरवलं की अंदाज पुरे, कुंड्यांनाच विचारू. एकाच मातृझाडाचे बारा कटिंग मुळं फुटवून लावले. कुंड्या एकसारख्या, माध्यमही एकच, कोकोपीट आणि कंपोस्ट. पाच-सहा पानांवर आल्यावर सगळ्यांचा शेंडा एकाच दिवशी खुडला आणि फांद्या फुटायला दोन आठवडे दिले. त्यानंतर कापड. खताच्या तीन वाटण्या केल्या. पहिल्या चार कुंड्यांचं खत कापडाच्या दिवशीच बदललं, पण या वेळी ०:५२:३४ ऐवजी १३:०:४५ वर. दुसऱ्या चार कुंड्यांचं कळी डोळ्याला दिसल्यावर टप्प्याटप्प्याने बदललं. तिसऱ्या चार कुंड्यांना शेवटपर्यंत १९:१९:१९. वहीत तारखा, उंची, गळालेली पानं.

या काळात मी शेंडे बघायला शिकले, आणि या सगळ्या खटाटोपातली मला सर्वात आवडलेली गोष्ट हीच. दर तीन दिवसांनी प्रत्येक वाटणीतला एक लहान बाजूचा फुटवा तोडून दहापट भिंग घेऊन बसायचे. कोवळी पानं सुईच्या टोकाने एकेक करून मागे वळवायची, पार आतपर्यंत. आधी आत दिसतो तो अगदी लहान, टोकदार कोंब, बाजूने पानांच्या कडा उठलेल्या. बाराव्या दिवशी पाहिलं तर टोक गेलं होतं. त्या जागी एक पसरट, ओलसर चमक असलेला घुमट, टाचणीच्या डोक्यापेक्षाही लहान. हीच कळी. पुढच्या खेपेला त्या घुमटाभोवती हिरव्या खवल्यांची कड आली होती. बाहेरून पाहणाऱ्याला अजून आठ-दहा दिवस काही दिसलं नसतं. भिंग नसेल तरी एक खूण बाहेरून कळते. शेंड्याजवळची नवी पानं आकाराने लहान होत जातात आणि त्यांच्या कातरलेल्या कडा कमी होतात. नेहमीचं खोल कातरलेलं पान जाऊन साधं, अरुंद पान यायला लागलं की त्याच्या वर कळी आहे असं समजावं.

मधेच एक घोळ झाला, आणि त्यातून बरंच शिकायला मिळालं. दुसऱ्या वाटणीतल्या दोन कुंड्यांना कळीच येईना. खत तेच, पाणी तेच. मी खताकडेच बोट दाखवत होते. प्रमाण तपासलं, पाण्याचा सामू (पीएच) तपासला, सव्वासहा, अगदी ठीक. एका रात्री उशिरा जिन्यातला दिवा लागला आणि मला कापडाच्या कडेखालून उजेडाची पट्टी थेट त्या दोन कुंड्यांवर पडलेली दिसली. कोणी ये-जा केली की दिवा लागायचा, काही मिनिटांनी विझायचा. तेवढ्या उजेडाने झाडाची रात्र मधोमध तुटते आणि हिशोब पुन्हा सुरू होतो. हॅमनर आणि बॉनर यांनी १९३८ मध्ये एका काटेरी फळांच्या तणावर हेच दाखवलं होतं: दिवसात थोडा अंधार आला तर फारसं बिघडत नाही, पण रात्रीत थोडा उजेड आला की फुलणं थांबतं. मी कापडाची कड विटांनी दाबली आणि पुढच्या तीन आठवड्यांत त्या कुंड्यांनाही कळी आली. म्हणून माझा आता आग्रह आहे, कळी येत नसेल तर खताला हात लावण्याआधी एकदा रात्री बाराला उठून कुंड्यांजवळ जाऊन उभं राहा. आणि कापडाखाली उकाडा साचत नाही ना, तेही बघा, कारण गरम रात्रींनीही कळी लांबते.

कुंड्यांचं उत्तर असं आलं. पहिल्या वाटणीची झाडं पहिल्या वर्षाइतकी वाईट नव्हती, कारण १३:०:४५ मधे थोडं तरी नत्र आहे. तरीही झपाट्याने उंच व्हायच्या दिवसांत ती मागे पडली, खालची तीन-चार पानं गेली आणि फुलं आकाराने लहान राहिली. तिसऱ्या वाटणीने दुसऱ्या वर्षाची गोष्ट थोड्या फरकाने पुन्हा सांगितली, फक्त हवा कोरडी असल्यामुळे बुरशी आली नाही. दुसरी वाटणी जमली. फुलं उमलली तेव्हा पानं कुंडीच्या कडेपर्यंत हिरवी होती.

त्या वाटणीला नेमकं काय दिलं ते लिहिते. कापडाच्या आधीपासून चालू होतं ते १९:१९:१९, लिटरला एक ग्रॅम, दोन पाण्यांना खताचं आणि तिसरं साधं. कापड पडल्यावर तीन आठवडे यात काडीचाही बदल नाही. शेवंतीचं सगळं भवितव्य लागवडीनंतरच्या पहिल्या सहा-सात आठवड्यांच्या नत्रावर असतं. तेव्हा उपाशी राहिलेलं झाड नंतर कितीही खाऊ घातलं तरी भरून येत नाही, हे मी पहिल्या वर्षी डोळ्यांनी पाहिलं आहे. चोविसाव्या दिवशी बहुतेक फांद्यांवर मोहरीएवढी कळी नुसत्या डोळ्याला दिसली. त्या दिवशी अर्धा ग्रॅम १९:१९:१९ आणि अर्धा ग्रॅम १३:०:४५ एकत्र. नत्र १९० पीपीएमवरून १६० वर आलं, पालाश वाढलं, स्फुरद निम्मं झालं. झाडाला धक्का बसला नाही. कळ्या वाटाण्याएवढ्या झाल्या तेव्हा १९:१९:१९ पूर्ण बंद करून फक्त १३:०:४५, लिटरला पाऊण ग्रॅमला थोडं कमी. नत्र साधारण ९० वर. कळीच्या टोकाला पाकळीचा रंग डोकावला की खत बंद, पुढे फक्त पाणी.

कॅल्शियम नायट्रेट आठवड्यातून एकदा, वेगळ्या दिवशी, वेगळ्या बादलीत. हे वेगळेपण मी कष्टाने शिकले. एकदा वेळ वाचवायचा म्हणून ते आणि पोटॅशियम सल्फेट एकाच लहान मगात घट्ट विरघळवलं. बघता बघता पाणी दुधासारखं पांढरं झालं आणि तळाला चुन्यासारखा गाळ बसला. कॅल्शियम आणि सल्फेट मिळून जिप्सम तयार झालं होतं; ते झाडाला काय मिळणार? स्फुरदाच्या खतांबरोबरही कॅल्शियमचं असंच होतं.

बदलाच्या आधी कुंडी धुवायची का, हे मला बऱ्याच जणांनी विचारलं आहे. मी सरसकट धुवत नाही. कुंडीच्या कडेला बोट फिरवते. पांढरट, खरखरीत पापुद्रा लागला, किंवा जुन्या पानांच्या कडा करपलेल्या दिसल्या, तर क्षार साचले आहेत. मग साधं पाणी तळातून भरपूर वाहून जाईपर्यंत दोनदा घालायचं आणि पुढच्या पाण्यापासून नवीन खत. पापुद्रा नसेल तर ते पाणी वाया आणि मुळं विनाकारण थंड.

कळ्या वाटाण्याएवढ्या झाल्या की मला मोठी फुलं हवी असलेल्या फांद्यांवरच्या बाजूच्या कळ्या काढायच्या असतात. हे काम मी सकाळी करते, पानं ताठ असताना. अंगठ्याच्या नखाने कळीचा देठ बगलेत दाबून बाजूला वाकवायचा, तो कट् असा सुटतो. ज्या झाडाला नत्र बरोबर मिळालंय त्याचा देठ स्वच्छ तुटतो. उपाशी झाडाचा देठ चिवट, सोलवटत साल घेऊन येतो. नत्र जास्त झालेल्या झाडाचा इतका ठिसूळ की बाजूची कळी काढताना मुख्य कळीच हातात येते. दुसऱ्या वर्षी अशा सात मुख्य कळ्या मी गमावल्या, आणि प्रत्येक वेळी काही क्षण ती कळी तळहातावर घेऊन नुसती बसले होते. आता खत बरोबर चाललंय की नाही, हे मला या देठांवरून डब्यापेक्षा जास्त कळतं.

यात वाणाचा फरक पडतो, आणि तो मोठा असतो. माझा वाण अंधार सुरू झाल्यापासून साधारण नऊ आठवड्यांनी फुलणारा. सहा-सात आठवड्यांत फुलणारे वाण आहेत, चौदा-पंधरा घेणारेही आहेत. घाई असलेल्या वाणात मोहरी ते वाटाणा हा प्रवास इतका झपाट्याने होतो की मधला अर्धा-अर्धा टप्पा जेमतेम दोन पाण्यांचा. उशिरा फुलणाऱ्यात तोच टप्पा तीन आठवडे चालू शकतो, आणि तिथे कॅलेंडर पाहून खत बदललं तर झाड पुन्हा पहिल्या वर्षासारखं खालून उघडं पडेल. म्हणून माझ्या वहीत आता दिवसांचा रकाना बाजूला आहे आणि मुख्य रकान्यात फक्त तीन शब्द येतात: मोहरी, वाटाणा, रंग. सगळ्या फांद्या एका वेळी तिथे पोहोचत नाहीत. कुंडीतल्या निम्म्याहून जास्त फांद्या पोहोचल्या की मी कुंडी पोहोचली असं धरते.

या वर्षी उशिरा फुलणाऱ्या वाणाचे चार कटिंग घेतले आहेत. कापड पडून आज अठरा दिवस झाले. सकाळी एक फुटवा भिंगाखाली उघडला, शेंडा अजून टोकदार आहे. संध्याकाळी १९:१९:१९ चं पाणी, नेहमीप्रमाणे लिटरला एक ग्रॅम.